वडगावातली थेट मुलाखत

१

इंदुताईंनी ट्रंकेत हात घातला आणि गाठोड्याची गाठ सोडायच्या आधीच त्यांना कळलं, की आत साडी नाही.

इंदुताईंना सहा वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदूनं नजर हळूहळू नेली. पण उभा जन्म हातमागावर गेलेल्या बाईची बोटं ती. गाठोडं फुगलेलं होतं, वजनही जवळपास तेवढंच होतं, तरी त्यांनी कापडावरून एकदा तळहात फिरवला आणि सुनेला हाक मारली.

"रक्षा, साडी कुणी काढली गं?"

कुणीच काढली नव्हती. गाठोड्यात नीट घडी घातलेली जुनी चादर निघाली.

ती साडी इंदुताईंचे यजमान तम्मण्णा यांनी विणलेली शेवटची साडी होती. ती मागावरून उतरली आणि त्याच महिन्यात त्यांनी हातमाग मोडला. बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत तेव्हा घरोघरी पॉवरलूम आले होते. तम्मण्णा जाऊन आता आठ वर्षं झाली. येत्या मंगळवारी बेंगळुरूच्या एका वस्त्रसंग्रहालयाची माणसं ती साडी बघायला आणि पसंत पडली तर कायमची ठेवायला न्यायला येणार होती.

हे घडलं रविवारी सकाळी आठला. नऊ वाजता रक्षा यल्लव्वाच्या दारात होती. यल्लव्वा ही इंदुताईंची आंघोळ, जेवण, औषध बघणारी बाई, नऊ वर्षं त्या घरात येणारी. रक्षानं तिची कापडी पिशवी भर गल्लीत उलटी केली. पिशवीतून चष्मा पडला, पानाची चंची पडली, गोळ्यांची एक पट्टी पडली. साडी पडली नाही.

पण सारी गल्ली उभी राहून बघत होती. तासाभरात आणखी दोन घरांनी यल्लव्वाला निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नको.

इंदुताईंनी मग मला फोन लावायला सांगितलं.

२

माझं नाव पारमिता. निपाणीच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्याआधी वीस वर्षं बेळगावात टीव्हीच्या रिले केंद्रात टेक्निशियन होते. घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या, आमचा उंच मनोरा मुका झाला, आणि मी निपाणीला परत गेले.

नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बेळगावात खोली शोधत होते. आडनाव विचारलं, की खोली त्याच क्षणी दुसऱ्या कुणालातरी दिलेली असायची. पाचवं घर तम्मण्णांचं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. "टीव्हीत काम करतीस व्हय? मग आमचा टीव्ही लई मुंग्या दाखवतोय, तेवढा बघ की," एवढंच म्हणाले. त्या घरात मी सात वर्षं राहिले. म्हणून फोन आल्यावर मी पुढची बस पकडली.

मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. इंदुताई बाहेरच्या खोलीत नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर टीव्ही बंद. तो बंद असलेला मी क्वचितच पाहिला होता. डोळे गेल्यापासून त्या सकाळपासून टीव्ही लावून बसतात, मराठी बातम्या, मग कन्नड मालिका, मग शेतीचा कार्यक्रम. बोलणारं कुणीतरी घरात असल्यासारखं वाटतं, म्हणतात.

"पोलिसांत जाऊया म्हणती रक्षा," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं. यल्लव्वाला नेऊन बसवतील. तू बघ. तुझं डोस्कं शांत असतंय."

"साडी शेवटची कधी हाताला लागली होती?"

"काल शनिवारी. साडेतीनला वारा लागू दे म्हणून बाहेर काढली, परत बांधून ठेवली. आणि कधी गेली तेबी सांगू? सव्वापाचला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "वेळ कशी ठाऊक?"

"ट्रंकेची बिजागरी ऐकली की मी. मागल्या खोलीतनं. कर्र करती. मला वाटलं रक्षा काहीतरी काढतीया. चार वाजल्यापासनं लाईट न्हवती, समदी गल्ली गप होती, म्हणून तर ऐकू आली. न्हाईतर एवढ्यात कुठली ऐकू येतीया?" त्यांनी खिडकीकडे हात केला.

खिडकीतून पॉवरलूमची खटखट अखंड येत होती. पाच मिनिटांत माझा कान तिला सरावलाही होता.

"आणि सव्वापाच कशावरनं?"

"नागूची मुलाखत चाललेली. पाचला सुरू झाली. घरातला टीव्ही इन्व्हर्टरवर चालतोय, केबलवाल्याकडं बॅटरी हाय. तो आपल्या नव्या साडीचं सांगायला लागला आणि आतनं बिजागरी वाजली."

नागू म्हणजे नागराज, तम्मण्णांचा पुतण्या. त्याचा पॉवरलूमचा कारखाना याच घराच्या मागे, मध्ये फक्त परसाची भिंत आणि एक फाटक. बेळगावच्या केबल चॅनलवर त्याची थेट मुलाखत होती.

"घरात कोण कोण होतं?"

"रक्षा गच्चीवर, पेपर तपासत. आणि यल्लव्वा. नळाला पाणी आलतं, ती पुढं घागरी भरत होती." इंदुताई थांबल्या. "नळाचा आवाज माझ्या कानावर होता गं. पण रक्षा म्हणती, नळ चालू सोडून माणूस आत जाऊन येऊ शकतंय."

मागचं दार उघडंच असतं. कुलूप ट्रंकेला कधीच नव्हतं.

रक्षा शाळेत शिकवते. नवरा बेंगळुरूला नोकरीला, मुलगी तिथंच कॉलेजात. ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"मी उगीच आळ घेतला असं तुम्हाला वाटतंय न्हवं, आक्का? पण घरात आम्ही तिघीच. आत्तींना दिसत नाही. मी घेतली नाही. मग राहिलं कोण?"

"साडी संग्रहालयाला द्यायची, हे तुम्हाला पटलं होतं?"

तिनं मान वळवली. "न्हाय. माझ्या मुलीच्या लग्नात नेसवायची होती ती. मी बोलले पण होते तसं. म्हणून काय मी चोरीन?"

ती चोरणार नाही असं माझं मन म्हणत होतं. पण मनाचं म्हणणं हा पुरावा नव्हे. गच्चीवरून मागे उतरायला जिना होता, आणि साडी घरात राहावी असं वाटणारी ती एकटीच होती.

यल्लव्वा आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी तिच्याशी कन्नडात बोलायला लागले, तर ती मराठीतच बोलली, मुद्दाम, गल्लीला ऐकू जावं म्हणून.

"नऊ वर्षं झाली. त्या ट्रंकेतला कापूर मीच बदलते. घ्यायची असती तर आज घ्यायची होय? आणि चादर कशाला कोंबीन? इंदुताईंच्या हाताला काय कळतंय आणि काय न्हाय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. रोज संध्याकाळी फाटकावर बायकांची झडती व्हायची. घरी आल्यावर आई आधी अंगावर पाणी घ्यायची आणि मगच आमच्याशी बोलायची. ती काय धुवून काढत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पण यल्लव्वानं जे म्हटलं त्यात नुसता राग नव्हता, विचार होता. चादर कोंबणाऱ्याला इंदुताईंच्या हातांची रोजची सवय नव्हती. त्याला वाटलं होतं, गाठोडं फुगलेलं दिसलं की भागेल.

३

मी परत आले तेव्हा नागराज आला होता. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, बोलायला मऊ. काकूच्या पायाशी बसून तिचा हात हातात धरला होता.

"पारमिता आक्का, तुम्ही आलात ते बरं झालं. काकूनं रात्रभर..." तो थांबला. "म्हणजे सकाळपासनं काय खाल्लं न्हाय."

"काल इकडं आला होतास काय?" मी सहज विचारलं.

"काल कसं येणार? पाच ते साडेपाच मी लाईव्ह होतो की. समद्या बेळगावानं बघितलं."

"व्हय गं," इंदुताई म्हणाल्या. "एका कानात त्याचं बोलणं आणि दुसऱ्या कानात बिजागरी. तो बिचारा कारखान्यात बसून बोलत होता. मागाच्या खटखटीत धड ऐकू येईना, मी आवाज वाढवला."

नागराज लगेच उठला. कारखान्यात कामं होती म्हणाला.

तीन वाजता केबलवर मुलाखतीचं पुनःप्रक्षेपण होतं. इंदुताईंना नको होतं, पण मी लावायला सांगितलं. पडद्यावर नागराज लाकडी खुर्चीत बसलेला, पांढरा शर्ट, मागे ओळीनं ट्यूबलाइट, आणि त्यांच्या उजेडात खटखटणारे पॉवरलूम. बाजूला केबल चॅनलचा मालक भरमू माइक धरून. वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल पट्टीत 'लाईव्ह' ही अक्षरं. पुनःप्रक्षेपण असूनही ती काढायची कुणाला आठवण झाली नव्हती.

मग नागराजनं साडी उलगडली. जांभळ्या रंगाची, सोनेरी काठाची. कॅमेरा काठाजवळ गेला.

"ही नक्षी आमच्या कारखान्यात तयार झाली," तो सांगत होता. "मी स्वतः आखली. असा काठ याआधी शहापूर-वडगावात कुणी काढलेला न्हाय."

मी खुर्चीतून पुढे सरकले.

तो काठ मी पाहिला होता. जोंधळ्याच्या कणसासारखं एक टोक, त्याला दोन्हीकडून वळणारी पानं, आणि मधे एक चौकट रिकामी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच खोलीत, जमिनीवर पसरलेल्या चौकटीच्या कागदावर तम्मण्णा पेन्सिलीनं तो आखत होते, आणि मी शेजारी बसून त्यांना सांगत होते, की टीव्हीचं चित्रसुद्धा असंच एकेक ओळीनं रंगत जातं. ते हरखून गेले होते. "म्हणजे तुझं आणि माझं काम एकच की गं. ओळ चुकली की तोंड वाकडं."

"इंदुताई," मी हळूच विचारलं, "तुमच्या साडीचा काठ कसला होता?"

"कणसाचा," त्या म्हणाल्या. "मधली चौकट मोकळी ठेवलेली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, डोळ्याला टेकायला जागा पाहिजे."

म्हणजे साडी नाहीशी होणं कुणाच्या सोयीचं होतं, ते माझ्यासमोर पडद्यावर बसलं होतं. मंगळवारी जाणकार माणसं गाठोडं सोडणार, काठ बघणार, आणि नागराजची नक्षी कुणाची ते जगाला कळणार.

पण ट्रंक उघडली तेव्हा तो पडद्यावरच बसलेला होता. साऱ्या बेळगावासमोर.

४

सोमवारी सकाळी मी इंदुताईंच्या केसांना तेल लावत बसले होते. रक्षा शाळेला निघाली होती. यल्लव्वा नव्हती, त्यामुळे घर विस्कळीत झालं होतं. चहाचं भांडं सापडेना, थेंब घालायची बाटली सापडेना. इंदुताईंनी तक्रार केली नाही. फक्त एकदा सवयीनं "यल्लव्वा" अशी हाक मारली.

दहाच्या सुमाराला लाईट गेली.

पंखा थांबला, इन्व्हर्टरवर फक्त टीव्ही चालायचा. आणि एक क्षणभर मला वाटलं, माझेच कान बंद झाले. गल्लीतले सगळे पॉवरलूम एका दमात थांबले होते. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. परसातल्या शेवग्यावर पाखरू बोललं, तेही ऐकू आलं.

माझा हात इंदुताईंच्या केसांत तसाच राहिला.

"काय झालं गं?"

"इंदुताई, शनिवारी चारपासनं लाईट नव्हती. गल्ली अशीच गप होती न्हवं?"

"व्हय. अशीच."

"नागराजच्या कारखान्याची लाईन वेगळी हाय काय? जनरेटर?"

"कुठला जनरेटर? गल्लीची एकच लाईन. आमची गेली की त्याची गेली."

"मग मुलाखतीत माग कसे वाजत होते?"

त्यांचा चेहरा टीव्हीच्या दिशेनं वळला, जणू तो बंद डबाच आता उत्तर देणार होता. मी सावकाश सांगितलं, त्यांना आणि मला स्वतःलाही. सव्वापाचला वडगावात एकही पॉवरलूम चालू नव्हता. ट्रंकेची बिजागरी ऐकू आली ती त्यामुळेच. आणि त्याच सव्वापाचला पडद्यावर नागराजच्या पाठीमागे माग धडाधड चालत होते, ट्यूबलाइट जळत होत्या. जे इंदुताईंनी कानानं ऐकलं आणि मी डोळ्यानं पाहिलं, ते शनिवारी संध्याकाळचं असूच शकत नव्हतं.

"माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय?" त्या पुटपुटल्या.

"जन्मभर तोच आवाज ऐकलाय तुम्ही. तो असतोच, म्हणून वेगळा ऐकू येत न्हाय."

गल्लीतही कुणाच्या ध्यानात आलं नसतं. इन्व्हर्टर फार थोड्या घरांत होते. बाकीच्यांचे टीव्ही बंद होते. ज्यांनी मुलाखत पाहिली ते शहापुरात, टिळकवाडीत, जिथं लाईट होती, आणि वडगावात लाईट नाही हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

इंदुताईंनी माझा हात घट्ट धरला. "पारमिता, मला हे खोटं निघालं तर बरं वाटंल."

"मी भरमूला विचारून येते," मी म्हटलं.

५

भरमूची केबलची खोली शहापुरात एका दुकानाच्या माडीवर आहे. आत यंत्रांची मांडणी, त्यांचे हिरवे दिवे, वर मोठ्या छत्र्या. भरमू मला ओळखत होता. आमच्या केंद्राचा मनोरा उतरवला तेव्हा हाच कॅमेरा घेऊन आला होता.

"लाईव्हच होती की मॅडम," तो म्हणाला. "कोपऱ्यात लिवलंय न्हवं?"

"ते तर कालच्या पुनःप्रक्षेपणातही लिवलं होतं."

तो हसला, पण हात उगीच एका वायरीकडे गेला.

"भरमू, मी तुझ्यावर तक्रार करायला आले न्हाय. एका बाईची पिशवी गल्लीत उलटी केली. तिची कामं सुटली. मला एवढंच सांग, त्या लाईट नसलेल्या कारखान्यात तुझा कॅमेरा कसा चालला?"

त्यानं वायर सोडली. मग स्टूल ओढून बसला.

"शनिवारी दुपारी लाईनचं काम हाय, ते आदल्या दिवशीच कळलेलं. माग बंद असले तर कारखान्यात बघायचं काय? मग सकाळी अकरालाच मुलाखत रेकॉर्ड केली. पाचला लावली."

"आणि लाईव्ह का लिवलं?"

"आठवडाभर खाली पट्टी फिरवलेली मी, थेट मुलाखत, थेट मुलाखत. आणि खरं सांगू? लाईव्ह म्हटलं की माणसं बसून बघतात ओ. आत्ता कायतरी घडंल असं वाटतंय त्यांना. रेकॉर्डिंग म्हटलं की चॅनल बदलतात." त्यानं मान खाली घातली. "त्यात कुणाचं वाईट होईल असं न्हाय वाटलं."

"नागराजला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? पाच वाजता फोन केला की मी, लावलंय म्हणून. त्यानं उचलला न्हाय."

६

नागराज कारखान्यात होता. लाईट आली होती, माग चालू होते. मी आत गेले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मी एकटीच आहे हे दिसल्यावर त्यानं कामगारांना चहाला पाठवलं. एकेक माग थांबत गेला.

"सव्वापाचला इथं एवढीच शांतता होती," मी म्हटलं.

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो मागाच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"भरमूकडं गेलता तुम्ही."

"व्हय."

"मी काकूला लुबाडायला न्हाय गेलतो, आक्का."

"यल्लव्वाला तरी लुबाडलंस."

तो खाली बसला. मग बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. काका गेल्यावर त्यांचे कागद रद्दीत निघाले होते. त्यातला कणसाचा काठ त्यानं ठेवून घेतला. दोन वर्षं खपून तो पॉवरलूमवर बसवला. लोक विचारायला लागले, ही नक्षी कुणाची? पहिल्यांदा तो नुसता हसला. दुसऱ्यांदा माझीच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना काही वाटलंसुद्धा नाही. मग भरमूनं कॅमेरा लावला.

"सकाळी मुलाखत झाली आणि दुपारी रक्षावहिनींचा फोन. मंगळवारी या म्हणाल्या, पाहुण्यांना काकांच्या साडीचं समजावून सांगायला तुमच्याशिवाय कोण हाय? माझं अंग गार पडलं. काकांची शेवटची साडी मी कधी उलगडून बघितलीच न्हवती. पण काठ तोच असणार, ते कळलं मला. पाचला लाईट न्हवती, कामगार घरी गेलेले. टीव्हीवर मी चाललोय, म्हणजे मी इथं हाय असं समद्यांना वाटणार. परसातल्या फाटकातनं गेलो. काकू पुढं बसलेली. माझाच आवाज ऐकत."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"साडी कुठं आहे?"

तो उठला. मागच्या कपाटातून एक धुतलेलं पांढरं धोतर काढलं. त्यात साडी होती.

"कात्री घेऊन बसलेलो काल सकाळी. काठ तेवढा वेगळा करावा, म्हटलं. उलगडली. आक्का, पदराची उलटी बाजू बघा. एक धागा लोंबत न्हाय. माझ्या मशीनला हे जमणार न्हाय कधी." त्यानं साडीची परत घडी घातली. "पिशवी उलटी केल्याचं मला दहाला कळलं. तेव्हाच यायला पाहिजे होतं. आलो पण. काकूचा हात धरला आणि माझं तोंड उघडलं न्हाय."

मला त्याची कीव आली, आणि राग जराही कमी झाला नाही.

"चल," मी म्हटलं. "साडी तू घे. मी न्हाय नेणार."

७

इंदुताईंनी साडी मांडीवर घेतली. काठ बोटांनी चाचपला, शेवटपर्यंत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. नागराज समोर उभा राहून सगळं बोलला. एकदाही थांबला नाही. शाळेतून आलेली रक्षा दारातच खिळली.

"नागू," इंदुताई म्हणाल्या, "कागद मागितला असतास तर त्यांनी हातात दिला असता. जिवंत असताना मागितला असतास तर शेजारी बसवून शिकवला असता."

"काकू, पोलिसांत देणार असशील तर..."

"पोलीस कशाला? तू खोटं जिथं बोललास तिथं खरं बोल. आज. पाचला."

पाच वाजता भरमू कॅमेरा घेऊन बाहेरच्या खोलीत आला. या वेळी लाल अक्षरं लावताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. नागराज इंदुताईंच्या शेजारी बसला आणि साडीचं एक टोक हातात धरून म्हणाला, की हा काठ तम्मण्णांचा आहे, आपण तो स्वतःचा म्हणून सांगितला, आणि ही साडी आपण चोरली. आतल्या खोलीतला लहान टीव्ही कुणीतरी चालूच ठेवला होता. त्यामुळे नागराजचं प्रत्येक वाक्य दोनदा यायचं, आधी त्याच्या तोंडून, मग थोडं मागून भिंतीपलीकडून.

"तो टीव्ही बंद करा ओ, आवाज फिरतोय," भरमू कळवळून म्हणाला.

"राहू दे," इंदुताई म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "आता कळतंय खरंच लाईव्ह हाय म्हणून."

शेवटी रक्षा कॅमेऱ्यासमोर यायला निघाली. यल्लव्वाचं नाव घेऊन माफी मागायची होती तिला. पण मी तिला थांबवलं; पाचच्या आधी निरोप द्यायला मी यल्लव्वाकडे गेले होते, आणि तिनं साफ नकार दिला होता.

"माझं नाव टीव्हीवर नको. ज्यांनी बघितलं न्हाय, त्यांनाबी कळंल यल्लव्वावर आळ आलता म्हणून. पिशवी माझ्या दारात उलटी केली. बोलायचं ते माझ्या दारात येऊन बोल म्हणावं."

मंगळवारी संग्रहालयाची माणसं आली. नागराजनं साडी त्यांच्यापुढे उलगडली आणि कुठं काय कसं विणलंय ते समजावलं. साडी द्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. रक्षाची मुलगी सुट्टीला येईल तेव्हा तिला विचारायचं, असं इंदुताई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर असताना, रक्षा यल्लव्वाच्या दारात गेली. मी थोडी लांब उभी होते, कारण तिनंच मला सोबत चला म्हटलं होतं. तिचा आवाज वर्गात लागतो तसा मोठा लागला.

"यल्लव्वा, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू काही घेतलं नव्हतंस. चूक माझी."

घागरी भरायच्या थांबल्या. यल्लव्वा उंबऱ्यात उभी राहिली. तिनं रक्षाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गल्लीकडे पाहिलं, सगळ्यांनी ऐकलंय ना, हे बघत असल्यासारखं.

"बरं," ती म्हणाली. "चहा ठेवते. आत या."

नऊ वर्षांत रक्षा त्या घरात कधी गेली नव्हती. तिनं चप्पल काढली. दार बुटकं होतं, तिला वाकावं लागलं.

यल्लव्वानं मलाही हाक मारली. "तुम्हाला काय वेगळं सांगायला पाहिजे होय, आक्का?"

मी आत गेले. चटई आधीच अंथरलेली होती.